सरसाचा वास

आमच्या वहिनीच्या मामांकडे सत्यनारायण होता. कॉलेज रोडवरचा प्रशस्त फ्लॅट, पूजा आटोपलेली, जेवणं झालेली, आणि पुरुषमंडळी सुपारी चघळत दिवाणखान्यात पसरलेली. मामांची नजर माझ्या भाच्यावर गेली. "तू हल्ली काय करतोस रे?" भाचा म्हणाला, "व्हायोलिन बनवतो." "वाजवतोस?" "थोडं. सूर नीट निघतोय का ते कळण्यापुरतं. माझं काम बनवण्याचं." मामांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "म्हणजे लाकूडकाम." "हो." "मग आतल्या खोलीत दिवाणाचा एक पाय डुगडुगतोय, तेवढा बघतोस का?" माझा भाऊ, म्हणजे या मुलाचा बाप, एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचू लागला. वहिनी स्वयंपाकघरात गेली. भाचा मात्र उठला, आत गेला, सिल्कचा झब्बा घातलेला असताना फरशीवर आडवा झाला, आणि दोन मिनिटांनी त्यानं भाजी चिरायची सुरी आणि एखादी जुनी लाकडी फूटपट्टी मागितली. फूटपट्टीची पाचर तासून त्यानं सांध्यात बसवली आणि वरवंट्यानं हलकेच ठोकली. मामा दिवाणावर बसले, दोनदा उसळून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "पोरगं कामाचं आहे!"

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. अशोक स्तंभापाशी सिग्नल लागला तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "गेलं ते बरंच झालं, ओळखीपाळखी राहतात." कशाबद्दल म्हणाला ते मी विचारलं नाही.

मला ते बरेच दिवस खुपत राहिलं. गंमत अशी की नक्की काय खुपतंय ते सापडत नव्हतं. आमच्याच नात्यात एक हाडांचे डॉक्टर आहेत. प्रत्येक लग्नकार्यात त्यांच्याभोवती गुडघे घेऊन माणसं जमतात, आणि त्यांच्या आईला त्याचा केवढा अभिमान. कुणी त्यांना गुडघा दाखवला तर मान, आणि आमच्या मुलाला पाय दाखवला तर अपमान? भाच्याला तर काही वाटलेलंही दिसत नव्हतं. उलट तो घरी येऊन सांगत होता, दिवाण जुन्या शिसवीचा आहे, असं लाकूड आता मिळत नाही, मामांनी तो विकू नये.

आमचं मूळ घर जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला. वाडा आता निम्मा उरलाय, पण चौकातले कोरीव खांब आणि त्यांवरची कमळं अजून आहेत. लहानपणी पाहुणे आले की आजोबा त्यांना ते खांब दाखवत. कोणत्या पणजोबांनी वाडा बांधला, लाकूड कुठून बैलगाड्यांनी आणलं, वास्तुशांतीला किती पंगती उठल्या, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा मी विचारलं होतं, कोरलं कुणी? आजोबा जरा थांबून म्हणाले, "कुणी म्हणजे, सुतारांनी." तेवढ्यावर विषय संपला. बांधणाऱ्याचं नाव म्हणजे पैसे देणाऱ्याचं नाव, हा आमच्या घराण्याचा हिशोब. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेली माणसं. हाताला घट्टे पडणं हे आमच्याकडे दारिद्र्याचं लक्षण होतं, आणि ते तसं कुणी कधी बोलून दाखवायची गरजही पडली नव्हती.

भाचा इंजिनियर झाला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागला. मायक्रॉनमध्ये मोजमाप करायचं, बसलं तर पास नाही तर रिजेक्ट. पगार चांगला होता. मग एका दिवाळीच्या सुटीत त्यानं माझ्या वडिलांचं व्हायोलिन माळ्यावरून काढलं. वडील हौशी वादक. रेडिओवर व्हायोलिनवादक पंडित दा. के. दातार लागले की घरात कुणी भांड्याचासुद्धा आवाज करायचा नाही. दातार गाणं शिकले ते गायक पंडित द. वि. पलुस्करांकडे, आणि पलुस्करांचा जन्म 1921 सालचा आपल्या नाशकातला, एवढ्या धाग्यावर वडील दातारांना घरचेच समजत. त्यांच्या व्हायोलिनची वरची फळी एकदा कडेनं सुटली होती आणि गावातल्याच कुणीतरी ती सुतारी पांढऱ्या गोंदानं ठणठणीत चिकटवून दिली होती. आता आत साउंडपोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमधला काडीएवढा टेकू, पडलेला, एका बाजूला चीर गेलेली, म्हणून भाच्यानं ती फळी उघडायचा प्रयत्न केला. सांधा उघडला नाही. सांध्याशेजारचं लाकूड उभं फाटून आलं. तो फाटलेला तुकडा हातात घेऊन तो किती वेळ बसला होता ते मला आठवतंय, कारण फराळाचं ताट तसंच राहिलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं नोकरी सोडली आणि इटलीत क्रेमोनाला गेला.

"सुतारकी शिकायला परदेशात?" हे वाक्य त्या काळात आमच्या घरी इतक्या जणांनी इतक्या प्रकारे म्हटलं की वहिनीनं फोन घेणंच बंद केलं.

क्रेमोना हे लोम्बार्दीतलं, पो नदीकाठचं लहानसं शहर. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीनं तिथं व्हायोलिन बनवायला घेतलं, आणि आज आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो त्याचा आकार त्याच्या घरातून निघाला. त्याचा नातू निकोलो, मग अंतोनिओ स्ट्रादिव्हारी, मग ग्वार्नेरी. एका चौकाच्या आसपास राहणारी माणसं ही. मधे सगळी परंपरा आटली, आणि 1938 साली सरकारनं तिथं व्हायोलिन बनवण्याची शाळा काढली. आता त्या गावात शंभरावर कार्यशाळा आहेत, आणि 2012 मध्ये युनेस्कोनं ती कारागिरी आपल्या वारसायादीत घेतली. शाळेचा पूर्ण अभ्यासक्रम पाच वर्षांचा. भाच्याच्या आसपासच्या टेबलांवर चौदा-पंधरा वर्षांची पोरं, आणि हा अनुभवी इंजिनियर त्यांच्यात इटालियनची बाराखडी गिरवत बसलेला.

सुरुवातीचे कित्येक महिने त्यानं व्हायोलिनचा एकही भाग केला नाही. धार लावली. पटाश्या, कोरण्या, सुऱ्या, रंध्याची पाती. दगडावर पाणी टाकायचं आणि घासायचं. पातं मनगटावरून फिरवल्यावर केस निघाले पाहिजेत, ही परीक्षा. व्हिडिओ कॉलवर वहिनीला त्याचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत दिसला आणि तिनं त्वचेचा काहीतरी रोग झाला म्हणून रडायला घेतलं. मास्तर येत, पात्याकडे बघत, काही न बोलता पेन्सिलीनं दगडाकडे खूण करत आणि पुढे जात. भाचा म्हणायचा, अंबडला मी रोज शंभर गोष्टींवर सही करत होतो, इथे माझ्या एका पटाशीवर कुणी सही करत नाही.

मग साचा, त्याभोवती सहा ठोकळे, आणि बाजूच्या भिंतींसाठी मेपलच्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. त्या पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या. चर्र आवाज येतो, लाकूड क्षणभर ऐकतं, आणि तो क्षण हुकला की कट्‌कन तुटतं. मागची फळी मेपलची, पुढची स्प्रूसची. पुढच्या फळीसाठी खोडाची कलिंगडाच्या फोडीसारखी पाचर काढायची, ती मधोमध चिरून पुस्तकासारखी उलगडायची आणि दोन कडा अशा रंधायच्या की उजेडासमोर धरल्यावर मधून एक किरणही येऊ नये. या एका सांध्यापायी तो आठवडेच्या आठवडे रंधा मारत होता. नंतर फळीला बाहेरून फुगवटा द्यायचा, मग आतून पोखरायचं. आधी गोल पटाशी, मग अंगठ्याच्या पेराएवढे इवले पितळी रंधे, शेवटी पोलादी पत्र्यानं खरवडणं. पॉलिश पेपरचं नाव वर्गात काढायचं नाही. मागची फळी मधे साधारण साडेचार मिलिमीटर, कडेकडे जात अडीचच्या आसपास. पुढची तीनच्या घरात. हे आकडे पुस्तकात असतात, आणि इंजिनियरला आकडा मिळाला की तो निश्चिंत होतो. पण मास्तर कॅलिपर बाजूला ठेवून फळी दोन्ही हातांत धरून जराशी पिळत, कानाशी नेऊन बोटानं टकटक करत, आणि म्हणत, अजून. किंवा म्हणत, गेली. एका झाडाला तीन मिलिमीटर जाड होतं, दुसऱ्याला पातळ. ही गोष्ट भाच्याला कारखान्यानं शिकवलेल्या सगळ्याच्या विरुद्ध होती, आणि ती अंगात भिनायला वेळ लागला. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. पहिल्या वाद्याची पुढची फळी त्यानं पातळ करून घालवली. ती फळी आता त्याच्या कामाच्या टेबलावर भिंतीला लावलेली आहे. फोटोच्या जागी.

परत आला तेव्हा सगळ्यांना वाटलं मुंबई किंवा पुण्यात दुकान काढेल. त्यानं वाड्याचा तळमजला मागितला. तांबट लेन तिथून हाकेच्या अंतरावर. एके काळी दिवसभर त्या गल्लीतून तांब्यापितळेच्या भांड्यांवरची ठोकठोक यायची. आता बरीचशी दुकानं तयार माल विकतात, पण काही हातोडे अजून चालतात. मला वाटलं होतं त्या आवाजाचा त्याला त्रास होईल. तो म्हणाला, नाही आत्या, उलट बरं. ते लोकही ठोकून ऐकतात.

पहिलं संकट सरसाचं. व्हायोलिनचे सगळे सांधे सरसानं जोडतात, आणि सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा. दाणे रात्रभर पाण्यात भिजवायचे, मग साठ-पासष्ट अंशांवर दुहेरी भांड्यात ते पातळ करायचे, उकळू द्यायचे नाहीत. त्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. ओलं चामडं, जुनी पुस्तकं आणि कुठेतरी लांबवर खरवस, असं काहीतरी. वरच्या मजल्यावर आमची नव्वदीची आई. तिनं खाली हाक मारली, "कसला वास येतोय रे?" यानं खरं ते सांगितलं. आईनं बराच वेळ विचार केला. तिला व्हायोलिनचं प्रेम, आणि सोवळ्याचंही. शेवटी तोडगा निघाला की सरसाची शेगडी देवघराखालच्या खोलीतून काढून मागच्या पडवीत न्यायची. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात, दीड-दोनशे केस एका गजाला, आणि तेव्हा मात्र ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजोबांनी आयुष्यभर देवासमोर बसून हे वाजवलं?" आणि हसायला लागली. मी आईला इतकं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

मी त्याला विचारलं, बाजारात इतके पक्के गोंद असताना हा उपद्व्याप कशाला? त्यानं मला वडिलांच्या व्हायोलिनचा तो फाटलेला तुकडा दाखवला. तो अजून त्यानं डबीत ठेवलाय. म्हणाला, लाकूड हवेबरोबर हलतं. आपल्याकडे तर फारच. मे महिन्यात नाशिक भाजून निघतं, लाकूड सुकून आकसतं. जुलैत हवा ओली होते, तेच लाकूड फुगतं. डिसेंबरात निफाडची थंडी इथवर येते. फळी आकसते, खालच्या पट्ट्या तिला सोडत नाहीत, मग कुठेतरी काहीतरी सुटावं लागतं. सांधा पक्का असेल तर फळी फाटते. सांधा बेताचा असेल तर तो सुटतो, आणि सुटलेला सांधा परत जोडता येतो. म्हणून वरची फळी बसवताना सरस मुद्दाम पातळ करून लावतात. किती पातळ, ते शिकायला वर्षं लागतात. धरला पाहिजे, पण वेळ आली की गरम पाण्याच्या थेंबानं आणि बोथट सुरीनं सोडलाही पाहिजे.

मी बँकेत आयुष्य काढलं. आमच्याकडे मजबूत हा एकच गुण होता, तिजोरीचा काय आणि माणसाचा काय. मुद्दाम कमी मजबूत करायचं, आपल्यानंतर कुणीतरी हे उघडणार आहे असं धरून चालायचं, हे मला पचायला वेळ लागला. तो म्हणाला, स्ट्रादिव्हारीची आज वाजणारी जवळजवळ सगळी व्हायोलिनं उघडलेली आहेत. अठराव्या शतकाच्या शेवटी मोठी सभागृहं आली, मोठा आवाज हवा झाला, तारांचा ताण वाढला. मग माना काढून जास्त तिरक्या आणि लांब बसवल्या, आतले बासबार, म्हणजे वरच्या फळीला आतून आधार देणारे दांडे, बदलून जाड घातले. सरस होता म्हणून ते करता आलं. स्ट्रादिव्हारीनं ती उघडणार नाहीत अशी केली असती तर आज ती फक्त संग्रहालयात असती. त्या माणसानं नव्वदी ओलांडली तरी काम सोडलं नाही, 1737 मध्ये गेला. ज्या चर्चमध्ये त्यानं स्वतःसाठी थडगं घेऊन ठेवलं होतं ते चर्चच पुढे एकोणिसाव्या शतकात पाडलं. तिथं आता बाग आहे. त्याच्या गावालाही मधली शंभर वर्षं तो विशेष आठवत नव्हता, हे ऐकून मला, का कोण जाणे, आमच्या खांबांबद्दल थोडं कमी वाईट वाटलं.

चैत्र-वैशाखात वाड्याच्या गच्चीवर जावं. एका बाजूला वहिनीच्या कुरडया आणि साबुदाण्याच्या चकल्या पातळ साडीवर पसरलेल्या, आणि दोरीवर, कपड्यांच्या शेजारी, कोरी व्हायोलिनं उलटी टांगलेली. वॉर्निश लावण्याआधी लाकूड उन्हात तापवून त्याला सोनेरी रंग चढवावा लागतो. युरोपातले कारागीर त्यासाठी अतिनील दिव्यांची कपाटं वापरतात. आमच्याकडे नाशिकचं ऊन फुकट आहे. अर्थात जपावं लागतं, जास्त झालं तर फळी तडकते. वहिनी आता दर अर्ध्या तासानं कुरडया उलटताना व्हायोलिनंही फिरवते. स्ट्रादिव्हारीच्या घरालाही वर उघडा माळा होता आणि तिथं तो वाद्यं वाळवायचा असं सांगतात. वहिनीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "त्याच्याकडे कावळे नसतील." पावसाळ्यात वॉर्निश वाळत नाही, हात लावला की ठसा उमटतो, म्हणून ते चार महिने दुरुस्तीचे. वॉर्निशमध्ये काय घालतो ते मात्र तो नीट सांगत नाही. जवस तेल, राळ, काही थर लाखेचे, एवढं कळतं. लाख आपल्याकडचीच, शतकानुशतकं इथून युरोपात जात आली आहे.

त्याचं पोट चालतं ते दुरुस्तीवर. एक नवं व्हायोलिन करायला दोनशे तासांच्या आसपास लागतात, आणि त्या किमतीत ते घेणारं गिऱ्हाईक नाशकात रोज येत नाही. रोज येतात ती ग्रेडच्या परीक्षा देणारी मुलं. कारखान्यातलं चिनी व्हायोलिन, खुंट्या फिरत नाहीत, घोडी, म्हणजे तारा पेलणारं लाकूड, भलत्याच जागी, तारा बोटं कापतील इतक्या उंच. ती नीट करून दिली की तेच वाद्य वाजू लागतं आणि आई-बाप म्हणतात, "आम्हाला वाटलं होतं पोरालाच जमत नाहीये." हे वाक्य तो फार आवडीनं सांगतो. एकदा तो उत्तर प्रदेशात रामपूरलाही जाऊन आला. रामपूर म्हटलं की आपल्याला चाकू आठवतो, पण तिथं व्हायोलिनंही बनतात, स्वस्त, हजारो मुलांची पहिली व्हायोलिनं. चिनी माल आल्यापासून तेही अडचणीत आहेत. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी याचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग चहा पाजला.

आणि मग येतात ती स्ट्रादिव्हेरियसवाली मंडळी. महिन्या-दोन महिन्यांत एखादं कुटुंब तरी येतंच. देवळालीहून एक आजोबा आले होते, व्हायोलिन शालूत गुंडाळलेलं, सोबत मुलगा, सून आणि वकिली शिकणारा नातू. वरच्या फळीतल्या भोकातून, एफ-होलमधून, टॉर्च मारला की आत लेबल दिसतं: अंतोनियुस स्ट्रादिव्हेरियस, क्रेमोना, साल सतराशे अमुक. पेपरात वाचलेले कोटींचे आकडे खोलीत तरंगत असतात. आता हे सांगायचं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत मार्कनॉयकिर्शेनच्या परिसरात घरोघरी वाटून व्हायोलिनं बनत. एक घर माना करणार, एक फळ्या, कुणी तिसराच जोडणार, डझनांच्या हिशोबानं. त्यांत ही लेबलं चिकटवत. फसवणूक म्हणून कमी, कोणत्या नमुन्यावरून केलं ते दाखवायला जास्त. बोटींनी ती जगभर गेली, मुंबईतही उतरली. देवळालीच्या लेबलाखाली तर बारीक अक्षरांत इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' छापलेलं होतं. नातवानं ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. आजोबा म्हणाले, "म्हणजे खोटं." भाचा म्हणाला, "वाद्य खरं आहे आजोबा. चिठ्ठी खोटी आहे." मग त्यानं ते स्वरात लावून वाजवून दाखवलं. आजोबांचे वडील भजनात वाजवायचे म्हणे. सून निघताना हळूच म्हणाली, बरं झालं, वाटणीवरून भांडणं सुरू झाली होती.

अस्सल स्ट्रादिव्हारी खरंच इतकं वरचढ असतं का, असं कुणी विचारलं की तो इंडियानापोलिसमधल्या 2010 सालच्या प्रयोगाबद्दल सांगतो. एकवीस वादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन जुनी इटालियन आणि तीन नवी. सर्वांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रादिव्हारीला. हे सांगताना त्याच्या आवाजात विजय नसतो. म्हणतो, चांगली बातमी आहे, पण त्यामुळे गिऱ्हाईक येत नाही.

त्याचं खरं शिक्षण इथे आल्यावर पुन्हा सुरू झालं असं मला वाटतं. क्रेमोनात त्यानं जे वाद्य शिकलं ते हनुवटीखाली धरायचं. आपले वादक मांडी घालून बसतात, स्क्रोल, म्हणजे मानेच्या टोकाची कोरीव गुंडाळी, उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात, तारा षड्ज-पंचमात उतरवून लावतात, आणि बोट उचलण्याऐवजी सरकवतात. ताण कमी, म्हणून तिकडच्या मापाची घोडी इथे आवाज दाबते. मिंडेसाठी, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाण्यासाठी, तारा बोटांखालच्या पट्टीच्या जवळ हव्यात, पण इतक्याही नाही की खरखर होईल. काही जण बोटाला तेल लावतात, ते पट्टीत मुरतं. पायावर टेकून टेकून स्क्रोलचं वॉर्निश उडतं. पहिल्यांदा असं वाद्य दुरुस्तीला आलं तेव्हा तो चिडला होता, कसं वापरतात! मग तो त्या वादकांसमोर तासभर बसला, त्यांनी मारवा राग वाजवला, आणि हा घरी येऊन क्रेमोनाहून आणलेली मापांची वही काढून तिच्या समोरच्या पानावर नवे आकडे लिहू लागला. त्या वहीत आता डावं पान तिकडचं आणि उजवं इकडचं असं चाललंय. मिरजेचे सतारमेकर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. हत्यारं घडवणारे शिकलगार होते ते, एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारीकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. भाचा त्यांच्याकडे जाऊन बसतो अधूनमधून. म्हणतो, त्यांना माझ्यासारखं समजावून सांगावं लागत नाही, आपण काय करतो ते. आडनावच सतारमेकर आहे.

मला मामांच्या घरी काय खुपलं, ते हे लिहिता लिहिता थोडं कळतंय. मामांनी त्याला सुतार म्हटलं याचं नव्हे. घरातल्या आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं लोकांना सांगताना 'लुथिए' असा वाद्य बनवणाऱ्यासाठीचा फ्रेंच शब्द वापरला, 'आर्टिस्ट' म्हटलं, 'इटलीत होता' हे आधी सांगितलं. आणि मामांनी दोन प्रश्नांत ते सगळं तासून खाली लाकूड आहे हे दाखवून दिलं. त्यांचा हेतू चांगला होता असं मी म्हणणार नाही. मामा तसे खवचटच. भाऊ अजून त्या प्रसंगाचं नाव काढत नाही, आणि मध्यंतरी त्यानं एक्सेलमध्ये हिशोब मांडून मुलाला दाखवला की अंबडला राहिला असता तर आज किती पगार असता. मुलानं तो कागद शांतपणे वाचला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घोडीचा नकाशा काढला.

मागच्या पावसाळ्यात पडवीत सरस तापत होता आणि गल्लीतून एक सुतार चालले होते. फर्निचरची कामं घेतात, मॉड्यूलर किचन वगैरे. वासानं थांबले. आत डोकावून म्हणाले, "हा सरस ना? आमचे आजोबा करायचे. मी तर विसरलोच होतो." मग आत येऊन बसले. फळ्या हातात घेऊन पाहिल्या, इवले रंधे पाहून हसले, पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि गप्प झाले. चहा झाल्यावर त्यांनी रीतसर चौकशी केली. एका नगाला किती दिवस, किंमत किती येते, लाकूड केवढ्याला पडतं. भाच्यानं सगळं सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि मान हलवली. "नाही परवडत दादा. एवढ्या दिवसांत माझी दोन किचनं होतात." मी दारात उभी होते, मला हसू आवरेना, भावाचा एक्सेल आणि यांचा हिशोब एकाच आकड्यावर आला होता.

पण पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन आले. बारावी झालेला, मोबाइलमध्ये मान घातलेला. "किचनमध्ये सगळं मशीनवर आलंय," ते म्हणाले, "याला हात म्हणून काही राहिले नाहीत. पगार देऊ नका, पण बसवून घ्या." भाच्यानं पगार देणारच म्हणून सांगितलं, थोडासा. मुलानं विचारलं, व्हायोलिन कधी बनवायला मिळेल? भाचा म्हणाला, बघू.

तो आता दर रविवारी येतो. पहिले काही महिने फक्त धारच लावायची आहे, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.